संगणकात घडवलेल्या दीर्घिका : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात दीर्घिकांच्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या, जन्माविषयी लिहिताना महासंगणकावर चालणाऱ्या सिम्युलेशनचा, म्हणजे विश्वाचा एक तुकडा संगणकात उभा करून तो गणिताने पुढे नेण्याच्या पद्धतीचा, मी दोन-तीन वाक्यांत उल्लेख केला होता. सर्वाधिक पत्रे नेमकी त्या दोन-तीन वाक्यांवर आली. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. माझी स्वतःची पीएच.डी. याच पद्धतीची असल्यामुळे उत्तरांत काही घरचे अनुभव डोकावले आहेत, ते वाचकांनी चालवून घ्यावेत.

प्रश्न : माझ्या मुलीची पुण्यात खगोलभौतिकीच्या पीएच.डी.साठी निवड झाली आहे. ‘मी संगणकात दीर्घिका तयार करणार,’ असे ती सांगते. दुर्बीण सोडून संगणक कशाला, असे नातेवाईक विचारतात आणि मलाही धड उत्तर देता येत नाही. पाच वर्षे ती तिथे नेमके काय करणार? (एक आई, कोल्हापूर)

उत्तर : सर्वप्रथम आपल्या कन्येचे अभिनंदन. नातेवाइकांचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर काळाच्या मापात आहे. सूर्याला आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी पूर्ण करायला साधारण २२ ते २५ कोटी वर्षे लागतात. दोन दीर्घिकांची टक्कर होऊन त्यांची एक व्हायला त्याहून अधिक काळ जातो. दुर्बीण कितीही मोठी असली तरी तिला प्रत्येक दीर्घिकेचा एकच क्षण दिसतो. दिवे घाटात टिपलेले वारीचे एक छायाचित्र डोळ्यांपुढे आणा. त्यात हजारो वारकरी दिसतील. पण त्या एका छायाचित्रावरून कोण कुठल्या गावाहून निघाला, कोण वाटेत दिंडीला येऊन मिळाला आणि कोण सासवडला मागे राहणार, हे सांगता येणार नाही. दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश आपल्यापर्यंत पोहोचायला फार काळ लागल्यामुळे आपल्याला जुन्या काळातल्या दीर्घिकाही पाहता येतात, हे खरे. पण त्या वेगळ्या दीर्घिका असतात, आज जवळ दिसणारीचे बालपण नव्हे. एकाच दीर्घिकेचा सगळा प्रवास पाहायचा तर तो गणिताने घडवून आणावा लागतो. सुरुवातीला द्रव्य कसे पसरले होते ते सांगायचे, गुरुत्वाकर्षणाचे आणि वायूच्या प्रवाहाचे नियम द्यायचे, आणि संगणकाला एकेक पाऊल पुढे जायला सांगायचे.

यात सुरुवातीची स्थिती कल्पनेने भरावी लागत नाही, हे भाग्यच म्हणायचे. महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी निघालेला प्रकाश आजही सूक्ष्मतरंगांच्या रूपात आकाशभर पसरलेला आहे आणि प्लांक उपग्रहाने त्यातला लाखात एका भागाइतका तापमानाचा फरक बारकाईने मोजला आहे. त्या मोजमापांवरून विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे येते आणि कृष्णद्रव्य, म्हणजे जे दिसत नाही पण ज्याचे गुरुत्वाकर्षण जाणवते ते द्रव्य, साध्या द्रव्याच्या पाचपटीहून थोडे अधिक भरते. अशा मोजमापांचे आकडे घेऊनच ही सिम्युलेशने सुरू होतात.

आता पाच वर्षांचा हिशेब. पहिले वर्ष बहुधा अभ्यासक्रमाचे असते. त्यात परीक्षा असतात आणि त्या अवघड असतात. नंतर मार्गदर्शकाबरोबर प्रश्न ठरतो आणि तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा खूप लहान असतो. ‘दीर्घिका कशा जन्मल्या’ हा कोणाच्याही पीएच.डी.चा प्रश्न नसतो. ‘मोठ्या दीर्घिकेच्या आसपास फिरणाऱ्या लहान दीर्घिकांमधला वायू किती काळात निघून जातो’ हा असू शकतो. अशा प्रश्नासाठी बरेच विद्यार्थी आधी चाललेल्या मोठ्या सिम्युलेशनची माहिती वापरतात आणि काही जण स्वतःची लहान सिम्युलेशने चालवतात. स्वतः चालवायची तर महासंगणकाच्या रांगेत आपले काम, त्याला सगळे जण ‘जॉब’ म्हणतात, लावून ठेवावे लागते. जॉबला ठरावीक तासांची मुदत असते. ती संपली की गणित कुठेही असो, यंत्र ते थांबवते. म्हणून दर काही तासांनी सगळी स्थिती एका फाइलमध्ये जतन करून ठेवायची आणि पुढचा जॉब तिथून उचलायचा. सकाळी उठल्यावर चहाच्या आधी जॉब चालू आहे का, हे पाहण्याची सवय मला तेव्हा लागली. पहाटे तीनला तो बंद पडलेला असे आणि त्याचे कारण बहुधा खगोलशास्त्रातले नसे. डिस्कवर जागा उरलेली नसे, इतकेच. आपली कन्या फोनवर ‘जॉब मेला’ असे म्हणाली तर घाबरू नये. तिची नोकरी गेलेली नसते.

प्रश्न : आपल्या आकाशगंगेत १० हजार कोटींहून अधिक तारे आहेत असे आम्ही शिकवतो. एवढे तारे संगणकात मावतात कसे? प्रत्येक ताऱ्याचे प्रत्येक ताऱ्यावरील आकर्षण खरोखर मोजतात का? (एक भौतिकशास्त्र शिक्षक, नांदेड)

उत्तर : मावत नाहीत, आणि मोजतही नाहीत. या दोन नकारांतच या विद्येचे बहुतेक कसब सामावले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात वर्गात सांगण्यासारख्या एका गोष्टीने करू. १९४१ साली, संगणक हाताशी नसताना, स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक होल्मबर्ग यांनी दोन दीर्घिकांच्या भेटीचे सिम्युलेशन चक्क दिव्यांनी केले. प्रत्येक दीर्घिकेसाठी त्यांनी ३७ दिवे मांडले. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते आणि गुरुत्वाकर्षणही तसेच कमी होते. तेव्हा एखाद्या जागी चारी दिशांनी किती प्रकाश पडतो हे प्रकाशविद्युत घटाने मोजले की तिथले गुरुत्वाकर्षण कळले. मोजायचे, दिवे थोडे सरकवायचे, पुन्हा मोजायचे. जवळून गेलेल्या दोन दीर्घिका एकमेकींना ताणतात आणि त्यांतून सर्पिल फाटे निघू शकतात, हे त्यांना या दिव्यांच्या खेळात दिसले. आजचा महासंगणक तेच करतो, फक्त दिव्यांऐवजी आकडे सरकवतो.

पुढे १९७२ मध्ये अलार आणि युरी टूमरे या भावांनी संगणकावर मोजके कण घेऊन टक्कर घेणाऱ्या दीर्घिकांच्या लांब शेपट्या जशाच्या तशा काढून दाखवल्या. त्याआधी त्या शेपट्यांचे मूळ चुंबकीय बलांत असावे असे मानणारेही होते. काही शे कणांनी एक वाद मिटवला, ही बाब आजच्या अब्जावधी कणांच्या गप्पांत विसरली जाते.

आता कणांविषयी. सिम्युलेशनमधला कण म्हणजे तारा नव्हे. तो द्रव्याचा एक गठ्ठा असतो. जर्मनीत गार्खिंग इथे चालवलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘मिलेनियम’ सिम्युलेशनमध्ये सुमारे १००० कोटी कण होते. पण त्यांनी व्यापलेल्या घनाची बाजू २०० कोटी प्रकाशवर्षांहून मोठी असल्यामुळे एकेका कणाचे वस्तुमान १०० कोटी सूर्यांहून अधिक भरत होते. त्या मापाने आपली आकाशगंगा, तिच्याभोवतीच्या कृष्णद्रव्यासकट, हजारभर कणांत संपते. ‘इलस्ट्रिस टीएनजी’ या नंतरच्या मालिकेतल्या ‘टीएनजी ५०’ मध्ये घन मुद्दाम लहान ठेवला, बाजू सुमारे १७ कोटी प्रकाशवर्षे. त्यामुळे कृष्णद्रव्याचा कण साडेचार लाख सूर्यांचा आणि वायूचा गठ्ठा साधारण ८५ हजार सूर्यांचा इतका बारीक झाला. मोठा मुलूख पाहायचा की बारकावा पाहायचा, ही ओढाताण प्रत्येक सिम्युलेशनमध्ये असते आणि तिच्यातून आजवर कोणी सुटलेले नाही.

एका कणात लाखो सूर्य असल्यामुळे एक वेगळीच अडचण उभी राहते. न्यूटनचा नियम जसाच्या तसा वापरला तर दोन कण अगदी जवळ आल्यावर त्यांच्यातले बल बेसुमार वाढते आणि ते एकमेकांना गोफणीसारखे भिरकावून देतात. खऱ्या दीर्घिकेत असे होत नाही. तिथे लाखो तारे विरळ पसरलेले असतात आणि ते एकमेकांच्या इतके जवळ क्वचितच येतात. म्हणून ठरावीक अंतराच्या आत बल मुद्दाम मवाळ करतात. ‘टीएनजी ५०’ मध्ये तारे आणि कृष्णद्रव्य यांच्यासाठी हे अंतर आजच्या काळात सुमारे ९०० प्रकाशवर्षे आहे. त्याहून बारीक रचनेविषयी या सिम्युलेशनला काही विचारू नये, असा त्याचा अर्थ.

राहिला बल मोजण्याचा प्रश्न. १००० कोटी कणांच्या जोड्या करा : ५ वर १९ शून्ये एवढ्या भरतात. जोडीमागे वीस क्रिया धरल्या आणि सेकंदाला एकावर पंधरा शून्ये एवढ्या क्रिया करणारे यंत्र पूर्ण वेळ आपल्याच ताब्यात आहे असे मानले, तरी काळाचे एक पाऊल टाकायला साडेअकरा दिवस लागतील. अशी दहा हजार पावले टाकायची तर तीनशेहून अधिक वर्षे. म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळात जॉब लावला असता तर तो गेल्या शतकाच्या अखेरीस कुठे संपला असता.

यातून मार्ग निघाला तो टपाल खात्याच्या रीतीने. पुण्यात पत्रे वेगळी करणारा माणूस नांदेडची गल्ली पाहत नाही. तो पत्र नांदेडच्या थैलीत टाकतो आणि मोकळा होतो. गल्ली नांदेडला पोहोचल्यावर पाहतात. त्याचप्रमाणे दूरच्या लाख कणांच्या समूहाला एकच जड कण मानायचे, आणि जसजसे जवळ यावे तसतसे त्या समूहाचे तुकडे पाडत जायचे. जोश बार्न्स आणि पीट हट यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही ‘वृक्ष’ पद्धत. तिच्यात प्रत्येक कणामागे १००० कोटी आकडेमोडींऐवजी शेकड्यांत किंवा हजारांत मोजता येतील एवढ्याच कराव्या लागतात. याला आणखी एक जोड मिळाली. फार दूरचे बल अवकाशावर टाकलेल्या जाळीवर, लहरींच्या गणिताने (फूरिए पद्धतीने), आणि जवळचे बल वृक्षाने काढायचे. पुण्यातल्या आयुका या खगोलभौतिकी संस्थेत संशोधन केलेले जसजीतसिंह बागला यांनी ‘ट्रीपीएम’ नावाने ही पद्धत २००२ मध्ये मांडली. त्या सुमारास इतरांनीही याच धर्तीच्या पद्धती वापरल्या, आणि फोल्कर स्प्रिंगेल यांच्या ‘गॅजेट २’ या जगभर वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीतही हीच रीत आहे.

प्रश्न : मी अभियंता आहे. आमच्याकडे मॉडेलमध्ये गुणांक बदलून हवा तो आलेख जुळवता येतो. तुम्हीही खऱ्या दीर्घिकांसारखे दिसेपर्यंत गुणांक फिरवता आणि मग ‘पाहा, खऱ्यासारखे दिसते’ असे म्हणता. यात सिद्ध काय होते? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : या सदरात आलेला हा सर्वांत अवघड प्रश्न आहे आणि तो मी आडवळणाने टाळणार नाही. गुणांक फिरवले जातात. ते कुठे आणि का, हे आधी पाहू.

गुरुत्वाकर्षणात फिरवण्यासारखे काही नाही. अडचण येते ती वायू थंड होऊन त्याचे तारे बनतात तिथे. तारा बनण्याची क्रिया ज्या अंतरावर घडते ते सिम्युलेशनमधल्या वायूच्या एका गठ्ठ्याहून कितीतरी लहान असते. अतिनवताऱ्याचा, म्हणजे आयुष्याच्या शेवटी फुटणाऱ्या ताऱ्याचा, स्फोटही तसाच, गठ्ठ्याच्या पोटात घडून जाणारा. जे दिसत नाही त्याचा परिणाम मात्र धरावा लागतो. कारण तो वगळला तर वायू भराभर थंड होऊन केंद्राकडे कोसळतो आणि संगणकातल्या दीर्घिका खऱ्यांपेक्षा कितीतरी अधिक ताऱ्यांनी भरून जातात. खऱ्या विश्वात वायूचे ताऱ्यांत रूपांतर होण्याचा वेग आश्चर्य वाटावे इतका मंद आहे. आपल्या आकाशगंगेत आज वर्षाला एक-दोन सूर्यांएवढेच नवे तारे तयार होतात. वायूला कोणीतरी सतत तापवत आणि हुसकावत असले पाहिजे. लहान दीर्घिकांत ते काम अतिनवतारे करतात आणि मोठ्यांत केंद्रातले अजस्र कृष्णविवर, असे आज मानले जाते. या क्रिया नियमांच्या रूपात वरून घालाव्या लागतात. ‘टीएनजी’मध्ये तर कृष्णविवर आपोआप जन्मतही नाही. कृष्णद्रव्याचा गोळा सुमारे ७ हजार कोटी सूर्यांएवढा झाला की त्याच्या मध्यभागी साधारण १२ लाख सूर्यांचे कृष्णविवर अक्षरशः आणून ठेवले जाते. पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला ही लबाडी वाटली होती.

मग सिद्ध काय होते? इथे एका गोष्टीची काटेकोर नोंद ठेवावी लागते : कशाशी जुळवले आणि काय आपोआप आले. डरहॅम आणि लायडन इथल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ईगल’ सिम्युलेशनच्या कर्त्यांनी हे उघडपणे लिहून ठेवले. आजच्या विश्वात कोणत्या वस्तुमानाच्या दीर्घिका किती आहेत, त्यांचे आकार किती आणि त्यांच्या केंद्रातली कृष्णविवरे किती वस्तुमानाची, एवढ्याशी त्यांनी गुणांक जुळवले. त्या जुळण्याचे श्रेय घ्यायचे नसते. ज्यांच्याशी जुळवले नव्हते त्या गोष्टी, उदाहरणार्थ दीर्घिकांचे रंग किंवा पूर्वीच्या काळातला ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग, निरीक्षणांच्या किती जवळ येतात हे पाहायचे असते. विद्यार्थ्याने आधी तयार केलेली उदाहरणे परीक्षेत आली तर त्या गुणांना अर्थ नाही. न पाहिलेले उदाहरण सोडवले तर आहे. अभियांत्रिकीतही आपण हाच निकष लावत असाल.

माझ्या मते यापेक्षा मोठी कमाई जुळत नाही तिथे असते. २०१४ मध्ये आलेल्या मूळ ‘इलस्ट्रिस’ सिम्युलेशनचे चित्र पाहून जग थक्क झाले होते. पण बारकाईने तपासल्यावर त्यातल्या मोठ्या समूहांमध्ये वायू फारच कमी उरल्याचे दिसले. कृष्णविवरांची ऊर्जा ज्या रीतीने वायूत सोडली होती ती गरजेपेक्षा स्फोटक होती, वायू पार बाहेर फेकला जात होता. खऱ्या समूहांतला वायू क्ष-किरणांत दिसतो, म्हणून चूक पकडता आली. ‘टीएनजी’मध्ये तो नियम बदलला. कृष्णविवरे आपल्या परिसराशी कशी वागत नसावीत, हे त्या चुकीने शिकवले, आणि अशी शिकवण कोणत्याही सुंदर चित्रातून मिळाली नसती.

एक उलटे उदाहरणही देतो, कारण ते एका पीएच.डी.चे आहे. अनेक वर्षे संगणकातल्या आकाशगंगा चुकीच्या येत असत : मध्यभाग गुबगुबीत आणि तबकडी इवलीशी. प्रारूपातच काही मूलभूत दोष आहे का, अशी शंका घेतली जाऊ लागली होती. कॅलिफोर्नियात सांताक्रूझ इथे पीएच.डी. करणाऱ्या हाविएरा गेडेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एरिस’ नावाचे सिम्युलेशन चालवले, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. तारे कुठे बनू द्यायचे याची घनतेची अट त्यांनी कडक केली; वाटेल तिथल्या विरळ वायूत तारे बनू न देता फक्त दाट ढगांत बनू दिले. त्यामुळे स्फोट नेमक्या जागी झाले, केंद्रातला वायू उडून गेला आणि आपल्या आकाशगंगेच्या तोडीची मोठी, सडपातळ तबकडी मिळाली. नासाच्या ‘प्लीएडीझ’ महासंगणकावर त्यासाठी प्रोसेसरचे १४ लाख तास खर्ची पडले. एकच प्रोसेसर असता तर सुमारे १६० वर्षे. एक अट बदलली आणि दीर्घिकेचा चेहरामोहरा पालटला, यातून तुमच्या शंकेला बळ मिळते आणि तिचे उत्तरही मिळते. अट भौतिकशास्त्राच्या अधिक जवळ नेली की निकाल सुधारतो. मनमानी गुणांकांचे सहसा तसे होत नाही.

सध्या असाच एक पेच पुण्यातून आला आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या माहितीतून ‘अलकनंदा’ ही दीर्घिका शोधली. २०२५ मध्ये तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. विश्व अवघे १५० कोटी वर्षांचे असताना तिला दोन ठसठशीत सर्पिल बाहू आहेत. त्या काळातल्या दीर्घिका धुमसत्या, ओबडधोबड असाव्यात अशी सर्वसाधारण समजूत होती. आता सिम्युलेशन चालवणाऱ्यांपुढे काम आहे ते असे : आपल्या घनात अशी एखादी दीर्घिका सापडते का? सापडली नाही तर घन लहान पडला म्हणून सापडली नाही, की नियमच चुकले म्हणून? या दोन शक्यता वेगळ्या करणे हा कोणासाठी तरी पीएच.डी.चा चांगला विषय आहे.

जाता जाता एक. तेच सिम्युलेशन, सुरुवातीच्या स्थितीत नगण्य फरक करून पुन्हा चालवले, तर एखाद्या विशिष्ट दीर्घिकेचे वस्तुमान किंवा ताऱ्यांच्या निर्मितीचा वेग बदललेला दिसतो. इवलासा फरक वाढत जाण्याचा, गणितात ज्याला ‘केऑस’ म्हणतात तो प्रकार तिथेही आहे. त्यामुळे ‘ही एक दीर्घिका अशी झाली’ यापेक्षा ‘अशा हजार दीर्घिकांचे सरासरी असे झाले’ या विधानावर अधिक विसंबावे.

प्रश्न : आपली आकाशगंगा आणि देवयानी दीर्घिका यांची टक्कर होणार हे सिम्युलेशनने सिद्ध झाले आहे, असे वाचले. केव्हा? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : काही वर्षांपूर्वी ‘सुमारे ४०० कोटी वर्षांनी’ असे ठामपणे सांगितले जात असे. २०२५ मध्ये हेलसिंकीच्या टिल सवाला आणि सहकाऱ्यांनी गाइया आणि हबल या अवकाश दुर्बिणींची मोजमापे घेऊन, त्यांतल्या प्रत्येक अनिश्चिततेसह, हा प्रवास हजारो वेळा पुन्हा पुन्हा चालवून पाहिला. मोठा मॅजेलनी मेघ आणि त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ या शेजारच्या दीर्घिकांची ओढ धरल्यावर पुढच्या १००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता जेमतेम निम्मी निघाली. नाणे उडवण्यासारखेच. ‘सिद्ध झाले’ हा शब्द मागे घ्यावा लागेल.

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या महाविद्यालयात महासंगणक सोडाच, प्रयोगशाळेतले संगणकही जुने आहेत. या क्षेत्रात येण्यासाठी काय करू? (एक विद्यार्थी, अमरावती)

उत्तर : महासंगणकाची चिंता सर्वांत शेवटी करा. पुण्यात सी-डॅक या सरकारी संगणकसंस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ बांधला तेव्हापासून या शहराचे महासंगणकांशी नाते आहे. पुण्यातल्या आयसर या विज्ञानसंस्थेत ‘परम ब्रह्म’ आहे, आणि २०२४ मध्ये देशाला अर्पण केलेल्या तीन ‘परम रुद्र’ यंत्रांपैकी एक पुण्यात, महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी आहे. संशोधनाला लागल्यावर संस्थेमार्फत वेळ मिळतो. प्रवेशासाठी सहसा भौतिकशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि जेस्ट, नेट यांसारख्या परीक्षा लागतात. त्या त्या वर्षीच्या अटी संस्थेच्या जाहिरातीत पाहाव्यात. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७ हजार आणि दोन वर्षांनंतर ४२ हजार रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. घरी हा प्रश्न येतोच, म्हणून लिहिले. आयुका आणि राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र यांचे विद्यार्थ्यांसाठी सुटीतले प्रकल्पही असतात, त्यांच्याकडे लक्ष ठेवा.

आज करायच्या गोष्टी तीन. यांत्रिकी आणि उष्मागतिकी पक्की करा. हे दोन विषय कच्चे ठेवून आज्ञावली शिकणारे पुढे अडतात, मी अनेकांना अडताना पाहिले आहे. पायथन ही संगणकभाषा शिका, सी ही भाषा नंतर येईल. आणि ‘इलस्ट्रिस टीएनजी’च्या संकेतस्थळावर विनाशुल्क नोंदणी करा. पूर्ण माहितीसाठा अवाढव्य आहे, पण तो उतरवून घ्यायची गरज नसते. एखाद्या दीर्घिकेपुरते कण मागवता येतात आणि ते जुन्या लॅपटॉपवरही उघडतात. तिथे विश्वाच्या आयुष्यातले शंभर क्षण जतन केलेले आहेत. दोन क्षणांमध्ये सरासरी तेरा-चौदा कोटी वर्षे जातात, म्हणजे अख्खे तारकापुंज त्या फटीत जन्मून विरून गेलेले असतात, हे ध्यानात ठेवून माहिती वाचा.

पहिला प्रकल्प असा करा. आपल्या आकाशगंगेएवढी एक तबकडी निवडा. केंद्रापासून निरनिराळ्या त्रिज्यांच्या आत किती वस्तुमान आहे ते मोजा आणि त्यावरून वर्तुळाकार फिरण्याचा वेग काढा : गुरुत्व स्थिरांक गुणिले वस्तुमान, भागिले त्रिज्या, आणि त्याचे वर्गमूळ. ताऱ्यांसाठी, वायूसाठी आणि कृष्णद्रव्यासाठी वेगवेगळ्या रेषा काढा. ताऱ्यांची रेषा बाहेरच्या बाजूला खाली येईल आणि एकूण रेषा मात्र बरीचशी सपाट राहील. व्हेरा रूबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७०च्या दशकात खऱ्या दीर्घिकांत जे पाहिले, ते तुम्ही अमरावतीत बसून पाहाल.

एक खड्डा आधीच दाखवतो, कारण मी त्यात पडलो होतो. या माहितीत वस्तुमाने सरळ सूर्यवस्तुमानात दिलेली नसतात. ती ‘१००० कोटी सूर्यवस्तुमान भागिले एच’ या एककात असतात. हा एच म्हणजे शंभराने भागलेला हबल स्थिरांक, साधारण ०.६८. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या सगळ्या दीर्घिका एका प्रसिद्ध निबंधातल्यांपेक्षा सुमारे तीस टक्क्यांनी हलक्या येत होत्या. तीन आठवडे मी त्यामागचे भौतिकशास्त्र शोधले, अतिनवताऱ्यांवर ठपका ठेवला, गटाच्या बैठकीत स्लाइडही दाखवली. मागच्या खुर्चीवरून एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने फक्त एवढेच विचारले, ‘एचने भागलेस का?’ भागले नव्हते. तुमचा आलेख सरांना दाखवण्याआधी वस्तुमानाच्या ओळीवर आणि त्रिज्येच्या ओळीवरही, कारण तिथेही तोच एच असतो, एकदा बोट ठेवून पाहा.